पडद्यावरचा वाद कसा घालावा, कुठे थांबवावा

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात किंवा खेळाडूंच्या डिस्कॉर्डवर वाद पेटला तर उत्तर द्यावे की गप्प राहावे, समोरच्याने शिवीगाळ केली तर तक्रार कुठे करावी, आणि सरकारवर टीका केली म्हणून पोलीस खरोखर दारात येऊ शकतात का, हे प्रश्न वाचकांकडून वारंवार विचारले जातात. त्यांमागचा गोंधळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सुरू होतो. फोनचे सॉफ्टवेअर, व्हिडिओ गेम आणि राजकारण हे तिन्ही विषय एकाच पडद्यावर आणि एकाच आवेशात लढवले जातात, त्यामुळे दोन मिनिटांत तपासून मिटणारा प्रश्न दोन दिवस ताणला जातो, तर केवळ आवडीचा असलेला प्रश्न जणू त्याचा निकाल लागलाच पाहिजे अशा ईर्ष्येने लढवला जातो.

वाद कोणत्या जातीचा आहे, ते आधी ठरवावे

उत्तर टाइप करण्यापूर्वी वाचकांनी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: समोरच्याचे म्हणणे चूक असेल, तर ते कशाने सिद्ध होईल? त्यावरून वादाची जात कळते.

- तपासता येणारा मुद्दा. अमुक फोनवर मराठी जोडाक्षरे नीट उमटत नाहीत, अमुक शासन निर्णय रद्द झाला आहे, ही विधाने करून किंवा वाचून पाहिली की खरी-खोटी ठरतात.
- आवडीचा मुद्दा. एखाद्या गेमची कथा चांगली की तिची लढाई, यावर दोघे प्रामाणिक असूनही कायम वेगळे राहू शकतात आणि त्यात कोणाचेच काही चुकत नाही.
- मूल्यांचा किंवा हिताचा मुद्दा. पहिलीच्या मुलाला किती भाषा शिकवाव्यात, हा प्रश्न माहितीने स्पष्ट होतो, पण केवळ माहितीने सुटत नाही, कारण त्यात कशाला किती महत्त्व द्यायचे याचा निर्णय दडलेला असतो.

भारतीय न्यायदर्शनाने चर्चेचे केलेले तीन प्रकारही येथे उपयोगी पडतात. सत्य शोधण्यासाठी दोन्ही बाजू प्रमाणे देऊन करतात तो वाद, जिंकण्यासाठी प्रसंगी शब्दच्छलही करून होतो तो जल्प, आणि स्वतःची कोणतीच बाजू न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडत राहणे ती वितंडा. मराठीत ‘वितंडवाद’ हा शब्द कोणत्याही कटकटीच्या भांडणाला वापरला जातो, परंतु त्याचा मूळ अर्थ लक्षात ठेवल्यास एक सोपी कसोटी हाती येते. समोरच्याला "मग आपले मत काय?" असे सरळ विचारावे, आणि दोनदा विचारूनही मत न येता नवे खंडनच येत असेल, तर तेथे वेळ घालवू नये.

सॉफ्टवेअर: करून पाहावे, मग लिहावे

सॉफ्टवेअरच्या वादांपैकी पुष्कळसे पहिल्या जातीचे असतात, आणि तरीही करून न पाहताच लढवले जातात, ही खेदाची गोष्ट आहे. मराठी टंकलेखनाचेच उदाहरण घ्यावे. ‘दऱ्या’ लिहायला गेले की ‘दर्या’ उमटते, म्हणजे डोंगरांमधल्या दऱ्यांचा समुद्र होतो, ही तक्रार निघाली की एक जण फोनला दोष देतो, दुसरा फॉन्टला आणि तिसरा युनिकोडलाच (युनिकोड म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला ठरावीक क्रमांक देणारे मानक). वस्तुतः खाली टिंब असलेले ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्ताचे चिन्ह आणि पुढे ‘य’ जोडला की डोक्यावरच्या रफाराऐवजी आडवा अर्धा र मिळतो. प्रश्न उरतो तो आपल्या कळफलकात ‘ऱ’ आहे की नाही एवढाच, आणि तो पाहायला दोन मिनिटेही लागत नाहीत. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ दिसत नाही, या तक्रारीचे मूळ मात्र वेगळे आहे: एकाच क्रमांकाच्या अक्षराची मराठी आणि हिंदी अशी दोन रूपे असतात, आणि त्यांतले कोणते दिसावे हे फॉन्टमध्ये मराठी रूप घातले आहे का आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदलेली आहे का, यावर ठरते. वरवर सारख्या दिसणाऱ्या या दोन तक्रारींची कारणे वेगळी असल्यामुळेच ‘मराठीला कोणी विचारत नाही’ असे सरसकट विधान, त्यामागची कळकळ खरी असूनही, वाद पुढे नेत नाही.

म्हणून अशा वादात उतरताना पुढील माहिती आधी लिहावी आणि समोरच्यालाही तीच मागावी.

- यंत्र कोणते, त्याच्या प्रणालीची आणि त्या ॲपची आवृत्ती कोणती.
- कोणत्या क्रमाने काय केले, काय घडायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय घडले.
- तीच कृती दुसऱ्या यंत्रावर किंवा दुसऱ्या माणसाने केल्यास तेच घडते का.

करून पाहूनही न मिटणारे वाद सॉफ्टवेअरमध्ये असतात, आणि त्यांतला सर्वांत प्रसिद्ध वाद आजही शिकण्यासारखा आहे. २९ जानेवारी १९९२ रोजी ॲमस्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी लिनक्स ही प्रणाली कालबाह्य असल्याचे जाहीरपणे लिहिले, आणि तिचा निर्माता, फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स, याने तितक्याच तडफेने उत्तर दिले. मुद्दा कर्नलच्या, म्हणजे यंत्र आणि इतर प्रोग्रॅम यांच्यामध्ये बसणाऱ्या गाभ्याच्या, रचनेचा होता: तो लहान ठेवून बाकीची कामे त्याच्याबाहेर स्वतंत्रपणे चालवावीत की सारे एकाच मोठ्या गाभ्यात ठेवावे. त्या वादात भाकितेही होती, आणि भाकिते काळ तपासतो. लिनक्स एकाच जातीच्या प्रोसेसरला बांधलेले आहे, या आक्षेपानंतर काही वर्षांतच ते इतर प्रोसेसरांवर चालू लागले आणि आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या तळाशी तेच आहे. दुसरीकडे टॅनेनबॉम यांच्या लहान गाभ्याच्या मिनिक्स या प्रणालीची आवृत्ती इंटेलने आपल्या चिपसंचातील व्यवस्थापन-यंत्रणेत वापरली असल्याचे २०१७ मध्ये उघड झाले. कोणती रचना चांगली, याचे उत्तर काम कोणते आणि सवड किती यावर अवलंबून होते, आणि दोघांनीही एकमेकांना कठोर शब्द वापरले असले तरी प्रत्येक उत्तरात तांत्रिक मुद्दा होता, म्हणूनच तो वाद वाचण्याजोगा राहिला.

कठोरपणाची किंमत मात्र असते. १६ सप्टेंबर २०१८ रोजी टोरवाल्ड्स यांनी आपल्या भाषेमुळे सहकारी दुखावले गेल्याची कबुली देऊन जाहीर माफी मागितली आणि कामातून काही काळ रजा घेतली. त्याच सुमारास लिनक्सच्या कर्नल प्रकल्पाने आचारसंहिताही स्वीकारली. "ही ओळ चुकीची आहे, कारण फाइल रिकामी असेल तर प्रोग्रॅम बंद पडतो" हे वाक्य पुरेसे असते, आणि ती ओळ लिहिणाऱ्याच्या बुद्धीविषयीचे पुढचे वाक्य अनावश्यक तर असतेच, शिवाय पहिले वाक्य वाचले जाण्याची शक्यताही ते घालवते.

व्हिडिओ गेम: यंत्र, आवड आणि पैसा वेगळे ठेवावेत

गेमच्या वादात पहिला प्रश्न ‘कोणत्या यंत्रावर खेळलात?’ हा असावा. डिसेंबर २०२० मध्ये आलेला ‘सायबरपंक २०७७’ हा गेम ताकदवान संगणकावर खेळणाऱ्यांना भावला, तर जुन्या प्लेस्टेशन ४ वर तो इतका अडखळत होता की सोनीने काही दिवसांतच तो आपल्या दुकानातून काढून पैसे परत देऊ केले, आणि तो तेथे परत आला तो जून २०२१ मध्ये. त्या काळात एकमेकांना खोटे ठरवणारे पुष्कळ लोक प्रत्यक्षात आपापल्या यंत्रावरचे सत्यच सांगत होते.

गुणांकनावरही आंधळा विश्वास ठेवू नये. गेम न खेळताच रागापोटी हजारो लोकांनी एकदम नीचांकी गुण देणे, हा प्रकार इतका वाढला की जुलै २०२० पासून मेटाक्रिटिक या गुणांकनाच्या संकेतस्थळाने गेम प्रसिद्ध झाल्यावर पहिले ३६ तास वापरकर्त्यांची परीक्षणे स्वीकारणे थांबवले. म्हणून "अमुक गुण मिळाले" हा युक्तिवाद करण्याआधी ते गुण कोणी आणि केव्हा दिले ते पाहावे. कथा, चित्रण, संगीत यांविषयी बोलताना मात्र "मला भावले नाही" असे म्हणायला संकोच करू नये, कारण ते विधान पूर्ण आहे आणि त्याला पुराव्याचा आधार जोडण्याच्या नादातच बहुतेक भांडणे लागतात. २०२० मध्ये आलेल्या ‘राजी’ या पुण्यातील स्टुडिओच्या गेमविषयी बोलताना, आपल्या मातीतला म्हणून तो चांगलाच आणि आपल्या मातीतला म्हणून तो कच्चाच, ही दोन्ही टोके टाळून त्यातली उडी, त्रिशूळ आणि भिंतीवरील चित्रे कशी वाटली, हे सांगणे त्याच्या निर्मात्यांनाही अधिक उपयोगी ठरते.

पैसे लावून खेळायच्या खेळांबाबत एक भ्रम आजही टिकून आहे. रमीसारखा खेळ कौशल्याचा असल्यामुळे तो चालतो, हा युक्तिवाद पूर्वी न्यायालयांपुढे होत असे. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेदच बाजूला ठेवून पैशाचे ऑनलाइन खेळ देण्यावर आणि त्यांची जाहिरात करण्यावर बंदी आणली, आणि ई-स्पोर्ट्स, म्हणजे संघटित स्पर्धात्मक खेळ, त्यांतून वेगळे काढले. घरातील तरुण मुलाशी या विषयावर बोलताना पालकांनी हा फरक समजून घ्यावा, अन्यथा प्रत्येक गेमला ‘जुगार’ म्हटल्यावर मुले पुढचे काहीच ऐकत नाहीत.

राजकारण: कागद, तारीख आणि शब्द

राजकीय वादात मूल्यांचा प्रश्न येण्यापूर्वी कागदाचा प्रश्न येतो. २०२५ मध्ये महाराष्ट्रात हिंदी विषयावरून घरोघरच्या गटांत झालेले वाद पाहावेत. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली, १७ जूनच्या सुधारित निर्णयात ती ‘सर्वसाधारणपणे’ तिसरी भाषा राहील असे म्हणून, वर्गातील किमान २० विद्यार्थ्यांची मागणी असल्यास दुसरी भारतीय भाषा घेण्याची वाट ठेवण्यात आली, आणि २९ जून रोजी दोन्ही निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्याची घोषणा झाली. गटातील एक जण पहिला कागद, दुसरा दुसरा आणि तिसरा घोषणा हातात धरून बोलत असेल, तर तिघांचेही म्हणणे आपापल्या तारखेला खरे असते, आणि तरीही तिघे एकमेकांना खोटारडे म्हणू शकतात. शासन निर्णयाच्या वरच्या भागात दिनांक आणि शेवटी संकेतांक दिलेला असतो. शासनाच्या संकेतस्थळावर तो संकेतांक टाकून मूळ प्रत उघडावी आणि त्यातील नेमके शब्द उद्धृत करावेत, कारण ‘अनिवार्य’ आणि ‘सर्वसाधारणपणे’ यांतील अंतर हेच त्या वादाचे हृदय होते.

शब्दांशी खेळ केला जात असल्यास तो शांतपणे दाखवून द्यावा. न्यायदर्शनात याचे जुने उदाहरण आहे: ‘नवकंबल’ म्हणजे नवी घोंगडी असलेला, असे बोलणाऱ्याच्या मनात असताना ऐकणारा ‘नव’चा अर्थ नऊ असा घेऊन "याच्याकडे नऊ घोंगड्या कुठे आहेत?" म्हणून त्याला खोटे पाडतो. ‘विकास’, ‘आरक्षण’, ‘मोफत’ या शब्दांवर रोज हेच घडते. त्यावर उपाय म्हणजे "या शब्दाने येथे मला एवढेच म्हणायचे आहे" असे एका वाक्यात सांगून पुढे जाणे.

घरच्या गटात वयाचे भान ठेवणे हा भित्रेपणा नव्हे. वडीलधाऱ्यांनी चुकीची गोष्ट पुढे पाठवली असेल, तर सर्वांसमोर खोडण्याआधी त्यांना स्वतंत्र निरोप पाठवावा. "काका, तुम्ही पाठवलेला निर्णय १६ एप्रिलचा आहे, त्यानंतर १७ जूनला सुधारित निर्णय आला आणि आता दोन्ही रद्द झाले आहेत. तिन्ही कागद खाली पाठवत आहे," एवढे लिहिले की बहुतेक काका स्वतःच गटात दुरुस्ती टाकतात. वृत्तपत्राच्या कात्रणाचे चित्र आले असेल, तर त्या दिवसाचा त्या वृत्तपत्राचा ई-अंक उघडून ती बातमी तेथे आहे का, ते पाहावे.

कोठे थांबावे

न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, वादात पराभव मानण्याच्या २२ जागा दिल्या आहेत, त्यांना निग्रहस्थाने म्हणतात. त्यांतील अडचणीत सापडताच मूळ विधान बदलणे, विषयाशी संबंध नसलेले बोलू लागणे आणि तेच तेच पुन्हा म्हणत राहणे, या तीन खुणा पडद्यावर सहज ओळखू येतात. त्या समोरच्यात दिसल्या तर शेवटचे एक उत्तर, मुख्यतः गप्प राहून वाचणाऱ्या इतरांसाठी, पुराव्यासह लिहावे आणि बाहेर पडावे. त्या स्वतःमध्ये दिसल्या, तर चूक कबूल करावी, आणि आधीचे विधान गुपचूप खोडण्याऐवजी त्याखाली दुरुस्ती लिहावी, म्हणजे ते वाचून गेलेल्यांपर्यंतही ती पोहोचते.

कायदा काय संरक्षण देतो

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्यामुळे पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली होती, आणि त्या घटनेनंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दल शिक्षा देणारे, कलम ६६अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्यानंतरही काही ठिकाणी ते कलम लावले जात असल्याचे दिसल्याने ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला त्याखाली कोणावरही खटला चालवू नये, असे पुन्हा बजावावे लागले. आपल्यावरील तक्रारीत हे कलम दिसले तर वकिलाच्या नजरेस ते लगेच आणून द्यावे. त्याच निकालाने चर्चा, मताचा पुरस्कार आणि चिथावणी यांत फरक केला असून पहिल्या दोन गोष्टी, त्या कितीही अप्रिय असल्या तरी, अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतात. केंद्र सरकारविषयीचा मजकूर खोटा आहे की नाही हे सरकारच्याच तपासणी कक्षाने ठरवण्याची माहिती तंत्रज्ञान नियमांतील तरतूदही मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेतील पुढील कलमे वाद घालणाऱ्यांना ठाऊक असावीत.

- कलम १९६: धर्म, जात, जन्मस्थान, भाषा आदींवरून गटांत वैर पसरवणे. मराठी-अमराठी वादात ‘भाषा’ हा शब्द विसरू नये.
- कलम ३५१: धाकदपटशा. जिवे मारण्याच्या धमकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि निनावी धमकीला जादा शिक्षा आहे.
- कलम ३५६: अब्रुनुकसानी. विधान खरे असून सार्वजनिक हिताचे असेल, तर तो गुन्हा होत नाही, परंतु नुसते खरे असणे पुरत नाही.
- कलम ७८: स्त्रीने नकार दिल्यावरही तिला पुन्हापुन्हा संपर्क करणे किंवा तिच्या ऑनलाइन वावरावर पाळत ठेवणे.

यांखेरीज दुसऱ्याच्या नावाने तोतयेगिरी करून फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे. राज्याच्या सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियमही लागू असतात, आणि ते शासनाच्या धोरणावरील जाहीर टीकेला मर्यादा घालतात.

दोन गैरसमज येथेच दूर करावेत. गटप्रमुखाने आपला मजकूर काढला तर अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग होत नाही, कारण ते स्वातंत्र्य प्रामुख्याने शासनाविरुद्ध मिळालेले आहे. तसेच सदस्याने लिहिलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल गटप्रमुख आपोआप दोषी ठरत नाही, त्यासाठी दोघांचा समान हेतू दाखवावा लागतो, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे.

तक्रार करायची असेल तर

1. पुरावा आधी, प्रत्युत्तर नंतर. पूर्ण पडद्याचे चित्र घ्यावे, त्यात खात्याचे नाव, दुवा, दिनांक आणि वेळ दिसावी, आणि ते कापू नये. मूळ संदेश व मूळ फोन जपावा, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यासाठी मूळ यंत्र उपयोगी पडते.
2. कंपनीकडे तक्रार. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक समाजमाध्यम कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. निवारणाची मूळ मुदत १५ दिवसांची होती आणि पुढील दुरुस्त्यांनी मुदती आखूड होत गेल्या आहेत, तेव्हा तक्रार करतेवेळी चालू मुदत पाहून टिपून ठेवावी. निर्णय न पटल्यास ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे जाता येते.
3. पोलिसांकडे तक्रार. धमकी, पाठलाग किंवा तोतयेगिरी असल्यास राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या ठाण्यात जावे. १९३० हा क्रमांक प्रामुख्याने पैशांच्या फसवणुकीसाठी आहे.

अब्रुनुकसानीची तक्रार घेऊन ठाण्यात गेलेले अनेक जण निराश होऊन परततात, कारण तो अदखलपात्र गुन्हा असून त्यासाठी सामान्यतः दंडाधिकाऱ्यांकडेच फिर्याद द्यावी लागते. दखलपात्र गुन्ह्याच्या बाबतीत मात्र "ही आमची हद्द नाही" हे उत्तर मान्य करू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते, आणि नोंदवलेल्या माहितीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ती प्रत मागून घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये.